ताम्हिणीच्या अलीकडे, डोंगरात रेस्टॉरंट: इमारत कशी असावी?

चुलीपाशी | २२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमची कोथरूडला खानावळ आहे, १७ वर्षं झाली. आता मुळशी धरणाच्या पुढे, ताम्हिणीच्या अलीकडे आईच्या वाट्याला आलेल्या ३४ गुंठ्यांवर साठ माणसं बसतील असं रेस्टॉरंट काढायचं चाललंय. जागा रस्त्यापासून खाली उतरत जाते. आधी भाताची दोन जुनी खाचरं, मग मुरमाड उतार, मग कातळ आणि त्यापुढे एकदम दरी. समोर सह्याद्रीची धार, डावीकडे धरणाच्या पाण्याची चिंचोळी पट्टी. लहानपणी मामाबरोबर त्या कातळावर बसून डबा खाल्लाय, तेव्हापासून ती जागा मनातून गेलेली नाही.

आतेभाऊ आर्किटेक्ट आहे, नुकताच पास झालाय. त्याने चित्र काढलंय: दरीच्या तोंडाशी पश्चिमेकडे बघणारी काचेची लांब पेटी, वर सपाट स्लॅब, आणि कातळाच्या पुढे पाच मीटर हवेत काढलेला सज्जा. चित्र सुंदर आहे, पण बघून पोटात गोळाही येतो. बाबांना वाडा हवाय. दिंडी दरवाजा, कमानी, समया. मला ते नकोय, कारण तिथं कधी वाडा नव्हता. इमारत आजची वाटावी आणि डोंगराला उपरी वाटू नये, एवढंच मला कळतंय. तुमच्यापैकी कुणी अशा जागी बांधलंय, चालवलंय, किंवा नुसतं जाऊन बसून काही लक्षात आलंय का? सगळं सांगा.

पावसाळी_बेडूक | २२ जून, रात्री ९:५२

पहिला नंबर! सज्जावरचं टेबल माझ्यासाठी राखून ठेवा.

डोंगरभुंगा | २२ जून, रात्री १०:१५

ताई, एकच प्रश्न. ती जागा तुम्ही जुलैत पाहिली आहे का? डबा खाल्लात तो मे महिन्याच्या सुट्टीत असणार. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीत त्याच्या सात-आठ पट. शिवाय तो वरून पडत नाही, आडवा येतो. दरीतून वर चढणारा वारा पाऊस खालून वर नेतो. त्या भागात धबधबे उलटे उडताना पाहिलेत मी. तुमचा सज्जा नेमका त्या वाऱ्याच्या तोंडात आहे.

पेठकर | २२ जून, रात्री ११:०५

बाबांचं ऐका. कौलारू छप्पर, लाकडी खांब, शेणाने सारवलेलं अंगण. काच आणि काँक्रीट बघायला पुण्यातून साठ किलोमीटर कोण येईल? ते आम्हाला बाणेरला रोज दिसतं.

जोत्याचा_दगड | २३ जून, सकाळी ७:३०

मी सिव्हिलचा माणूस. तीस वर्षं घाटातल्या रस्त्यांवर आणि भिंतींवर काम केलं. काच की कौलं हे नंतर बघू. आधी जमिनीखाली काय आहे ते बघा.

आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक पसरलेले थर. काळा बसाल्ट घट्ट असतो, पण दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. भूशास्त्रवाले त्याला रेड बोल म्हणतात. कोरडा असताना तो विटेसारखा कडक, भिजला की साबणासारखा. कातळावर मुरूम आणि मुरमावर माती असते. पावसाचं पाणी मुरमातून झिरपत कातळापर्यंत जातं आणि कातळाच्या पाठीवरून उताराकडे वाहतं. वरचा सगळा भार त्या ओल्या पाठीवर बसलेला असतो.

डोंगरात बांधणारे सर्रास एक चूक करतात. जेसीबी लावून वरच्या बाजूला डोंगर कापतात, निघालेला मुरूम खालच्या बाजूला लोटतात आणि सपाट झालेल्या जागेवर बांधतात. म्हणजे अर्धी इमारत पक्क्या जमिनीवर आणि अर्धी भरावावर. पहिल्या दोन पावसाळ्यांत भराव बसतो आणि मधोमध तडा जातो. वरच्या बाजूचा कापलेला उतार पायथा गेल्यामुळे मोकळा झालेला असतो, तो वेगळाच. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गेलं, दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. हे आठवल्याशिवाय मी उतारावर चुन्याची फक्की टाकत नाही.

तुम्हाला सांगणं एवढंच. कापू नका. खांब कातळापर्यंत न्या आणि इमारत उतारावर अलगद टेकवा. पाणी खालून जाऊ द्या. तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन कातळ किती खोल आहे ते बघा. इमारतीच्या वरच्या अंगाला दगडी चर काढून डोंगराचं पाणी दोन्ही बाजूंना वळवा. कुठे भिंत घालावीच लागली तर तिच्या पाठीमागे दगडगोट्यांचा थर आणि भिंतीला पाणी निघायची भोकं हवीतच. भिंत मातीच्या वजनाने क्वचित पडते, पाठीमागे साठलेल्या पाण्याने पडते.

गट_नंबर | २३ जून, सकाळी १०:२०

जोत्याचा दगड यांना +१००. पण त्याच्याही आधी कागद.

आईच्या वाट्याला आलेली म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलंय ना? फेरफार मंजूर? हद्दकायम मोजणी करून घ्या, घाटात बांध सरकलेले असतात. ‘इतर हक्क’ रकाना वाचा. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याचा शेरा असेल तर तिथंच थांबा. शेजारी ताम्हिणी अभयारण्य आहे, २०१३ साली जाहीर झालेलं, तेव्हा वनखात्याची हद्द किती लांब तेही बघा. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचनेतल्या गावांच्या यादीत तुमचं गाव आहे का तेही. मग अकृषिक परवानगी.

आर्किटेक्ट मंडळी हमखास विसरतात ती गोष्ट: २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम बसत नाही. पाच मीटर चालल्यावर एक मीटर उतरलात, म्हणजे साधारण अकरा अंश. डोळ्याला हा उतार काहीच वाटत नाही. तुमचा मुरमाड भाग यात अडकेल असं वर्णनावरून वाटतंय. मग बांधायला उरतात ती दोन खाचरं.

चुलीपाशी | २३ जून, दुपारी ३:१०

बापरे. नाव लागलंय, मोजणी व्हायची आहे. उताराचं कुणीच बोललं नव्हतं. आतेभावाला हा धागा पाठवलाय.

डोंगरभुंगा, बरोबर ओळखलंत. मे महिनाच होता.

नकाशातला_बाण | २३ जून, रात्री ८:४५

त्या आतेभावाच्या बाजूने थोडं बोलतो. मीही याच व्यवसायातला. पंचविशीत प्रत्येकाला दरीवर सज्जा काढावासा वाटतो आणि त्यात गैर काही नाही. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटने १९३०च्या दशकात धबधब्यावर फॉलिंगवॉटर बांधलं, ते तर सज्जांचंच घर. पण पुढचं ऐका. ते सज्जे वर्षानुवर्षं वाकत गेले आणि २००२ साली आतून पोलादी केबल ताणून त्यांना धरावं लागलं. ते एका कुटुंबाचं सुट्टीतलं घर होतं. तुमच्या सज्जावर रविवारी चाळीस माणसं एकाच कोपऱ्यात सेल्फीला उभी राहणार.

पेठकर, तुमच्याशी मात्र असहमत. डोंगरात बसणारी इमारत जुन्या रूपाचीच हवी असं अजिबात नाही. स्पेनचं लान्झारोते बेट घ्या, सगळं ज्वालामुखीचं, आपल्यासारखाच काळा दगड. तिथं सेसार मानरिके या कलावंताने १९७३ मध्ये कड्याच्या टोकावर मिरादोर देल रिओ हे नजारा बघायचं ठिकाण उभं केलं. सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवर. बाहेरून येताना दगडी भिंतीखेरीज काही दिसत नाही, इमारत कड्याच्या पोटात शिरलीय. आत वळत जायचं, आणि मग एकदम मोठ्या खिडक्या, खाली समुद्र आणि पलीकडचं बेट. त्याच बेटावर त्याचं एल दियाब्लो हे रेस्टॉरंट आहे, १९७० चं, तिथं जमिनीतून येणाऱ्या ज्वालामुखीच्या उष्णतेवर मांस भाजतात. दोन्ही पूर्ण आधुनिक आहेत, आणि दुसरीकडे कुठे उचलून ठेवता येणार नाहीत.

दुसरं उदाहरण श्रीलंकेतलं, जेफ्री बावाचं कंदलामा हॉटेल. मालकांच्या मनात सिगिरिया या प्राचीन किल्ल्याच्या कड्याजवळची जागा होती. बावाने ती नाकारली आणि कित्येक किलोमीटर लांब, तळ्याकाठचा कातळ निवडला, कारण सिगिरिया लांबून दिसायला हवा. खडक हॉटेलच्या आत आलाय आणि वेली इमारतीवर इतक्या चढल्यात की समोरून इमारत शोधावी लागते. डोंगर बघायचा तर त्याच्या टोकावर बसायचं नसतं, थोडं मागं सरून बसायचं असतं.

आणि घरचंच बघायचं तर पौडजवळच्या टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, १९९७ मध्ये सुरू झालं, ख्रिस्तोफर बेनिंजरचं काम. काळ्या दगडाच्या भिंती. पुणे विद्यापीठातलं चार्ल्स कोरियांचं आयुका, ती खगोलशास्त्राची संस्था, तेही काळ्या दगडात. ना कमान, ना समई. तरी दोन्ही इथलीच वाटतात.

पेठकर | २३ जून, रात्री ९:३०

आयुका पाहिलंय. मान्य. पण छपराचं काय? सपाट स्लॅब ताम्हिणीत गळणार म्हणजे गळणार. उताराचं छप्पर हे काही नक्षीकाम नव्हे, आजोबांनी ते पावसासाठी केलं होतं.

जोत्याचा_दगड | २३ जून, रात्री १०:१०

पेठकरांचं इथं शंभर टक्के बरोबर आहे. हिशेब करून दाखवतो. ३०० चौरस मीटर छप्पर धरा. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर एका तासात ३० हजार लिटर पाणी त्या छपरावरून उतरायला हवं. टँकरच्या भाषेत तीन मोठे टँकर. स्लॅबवरच्या चार इंची पाइपात एक साल किंवा पाचोळा अडकला की झालं तळं. उतार द्या, चांगला ऐसपैस द्या, आणि पन्हळ शक्य तितकी टाळा. पागोळ्या सरळ खाली दगडाच्या चरात पडू देत.

कारवी | २४ जून, सकाळी ६:५०

पागोळ्या! हा शब्द वाचून सकाळ छान झाली.

मी मुळशीतच राहते, वनस्पतींचा अभ्यास करते. आमच्याकडच्या जुन्या घरांकडे बघा. छप्पर जवळजवळ जमिनीला टेकेल इतकं खाली आणलेलं, पश्चिमेची भिंत ठेंगणी, कारवीच्या कुडाची, मातीने लिंपलेली. पावसाळ्यात तिच्यावर गवताचे झाप बांधतात. दार शक्यतो पूर्वेला. माझ्या शेजारच्या आजींना विचारलं, ‘पश्चिमेला खिडकी का नाही?’ त्या म्हणाल्या, ‘तिकडून पाऊस येतो, पाहुणे नाही.’ आतेभावाच्या काचेच्या पेटीचं तोंड नेमकं तिकडेच आहे.

आणखी तीन गोष्टी सांगते, माझ्या मनात फार आहेत.

जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस धुकं असतं. तुमच्या काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसणार नाही. आणि गर्दी तर तेव्हाच येते! मग त्या दिवसांत माणसं बघणार काय? जवळचं बघणार. कातळावरचं शेवाळ, भिंतीलगत वाहणारा ओहोळ, तेरड्याची फुलं, दगडाच्या फटीत उगवलेलं नेचं. त्यासाठी कातळाच्या कुशीकडे उघडणारी एक खोली हवी, दरीकडे नव्हे.

दुसरं, उजेड. मे अखेरीस पहिल्या वळवानंतर इथं काजवे येतात, झाडंच्या झाडं लुकलुकतात. काजव्यांचं जोडीदार शोधणं त्या उजेडावर चालतं. दरीकडे तोंड केलेले फ्लडलाइट लावलेत की तुमच्या भागातून ते जातील. दिवे खाली, मंद, पिवळे आणि झाकलेले ठेवा. मोठ्या काचांवर पक्षीही आपटतात, आभाळाचं प्रतिबिंब त्यांना आभाळच वाटतं.

तिसरं, वणवा. फेब्रुवारीनंतर उतारावरचं गवत कोरडं ठणठणीत असतं. इमारतीभोवती गवत कापून जाळरेषा काढावी लागेल, दर वर्षी. गवताचं छप्पर कितीही छान दिसलं तरी चुलीच्या जागेवर नको.

पावसाळी_बेडूक | २४ जून, सकाळी ९:१५

सज्जावरचं टेबल रद्द. ओहोळाजवळचं द्या. टोपणनावाला तेच शोभतं.

भटारखाना | २४ जून, दुपारी ४:०५

सगळे जेवणाच्या दालनाबद्दल बोलताय. स्वयंपाकघराबद्दल एक अक्षर नाही! मी बावीस वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये आहे, त्यातली सहा घाटमाथ्यावर.

किचन रस्त्याच्या पातळीला ठेवा. माल उतरवायचा, सिलिंडर आणायचे, कचरा न्यायचा, सगळं त्याच बाजूने. आमच्या तिथं किचन खाली दरीकडे होतं, कारण वरची जागा ‘दर्शनी’ हवी होती. साठ किलोचं पोतं ओल्या पायऱ्यांवरून उतरवताना एक पोरगा घसरला, त्याचा हात मोडला. त्यानंतर मी ती नोकरी सोडली. पायऱ्यांना गुळगुळीत कडप्पा नको, टाकी मारलेला खरबरीत दगड घ्या. आणि नुसत्या पायऱ्या नकोत, रॅम्पही हवा. आजी-आजोबा येतात, चाकाच्या खुर्चीवरची माणसं येतात.

गॅस बँक खड्ड्यात किंवा तळघरात कधीही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खोलगट जागी साचून बसतो. मोकळ्यावर, जाळीच्या खोलीत ठेवा. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणून धुराडं पूर्वेला, नाहीतर फोडणीचा सगळा ठसका दालनात. कोठीच्या खोलीला उबदार भिंत द्या, चुलीच्या पाठीची. पावसाळ्यात मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, डाळीला बुरशी येते.

सांडपाण्याला ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-तूप अडवणारी टाकी, हवाच. तुमचं पाणी उतरून धरणात जाणार आहे हे विसरू नका.

आणि बायकांची स्वच्छतागृहं. पुण्याहून दीड-दोन तास गाडीत बसून आलेली माणसं आधी तिकडेच धावतात. साठ जणांच्या जागेला एक-एक संडास काढून ठेवलेला असतो आणि बाहेर वीस बायका भिजत उभ्या. पुरुषांपेक्षा दुप्पट संख्या बायकांसाठी ठेवा.

मुळशीकर_पोरगा | २४ जून, सायं. ६:३०

भटारखाना दादा, स्वच्छतागृहाचं बोललात ते सोन्यासारखं.

पाण्याचं कुणी बोललंच नाही. समोर धरण दिसतंय म्हणून पाणी आहे असं समजू नका. ते पाणी बोगद्यातून खाली भिऱ्याला वीज करायला जातं, आमच्या गावात मार्चपासून हंडे असतात. एवढा पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात टँकर येतो.

जोत्याचा_दगड | २४ जून, रात्री ९:००

पोरा, तुझ्या मुद्द्यावर हिशेब करतो. रेस्टॉरंटला माणशी बैठकीमागे रोज ७० लिटर धरतात. साठ बैठका म्हणजे ४,२०० लिटर. फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत १३० दिवस धरले तर साडेपाच लाख लिटर. तेच ३०० चौरस मीटरचं छप्पर पाच हजार मिलिमीटर पावसात १५ लाख लिटर देतं. म्हणजे गरजेच्या अडीच पटीच्याही वर पाणी छपरावर पडतंय. प्रश्न साठवायचा आहे. टाकी वरच्या खाचरात जमिनीत घ्या, पण इमारतीच्या वरच्या अंगाला नको, बाजूला. फुटली तर पाणी इमारतीवर येता कामा नये.

वर पन्हळ टाळा म्हणालो होतो, इथं थोडी दुरुस्ती. रस्त्याकडच्या एका उतारालाच रुंद पन्हळ लावा, टाकीसाठी. दरीकडच्या पागोळ्या मोकळ्या सोडा.

पेठकर | २४ जून, रात्री ९:४०

अवांतर: आंबेमोहोर मिळणार का? मुळशीत बसून बासमती खायला लावलंत तर इमारत कशीही असो, मी येणार नाही.

चुलीपाशी | २४ जून, रात्री ९:५५

काका, मामाच्या खाचरातला आंबेमोहोर, मेतकूट आणि घरचं तूप. हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे.

मुळशीकर_पोरगा | २४ जून, रात्री १०:०५

मग माकडांचाही विचार करा. उघड्यावर तूप-भात म्हणजे त्यांना आवतण.

नकाशातला_बाण | २५ जून, सकाळी ११:००

माकडांसाठी दरीकडच्या बाजूला सरकत्या लाकडी जाळ्या. पाऊस, ऊन आणि माकडं, तिन्ही अडतात. काच लावलीच तर ती तीन मीटर खोल पडवीच्या आत घ्या. मार्च ते मे दुपारी तीनपासून सहापर्यंत पश्चिमेचं ऊन सरळ आत येतं, उघड्या काचेमागे बसवणार नाही.

छपराबद्दल पेठकरांशी आता मी सहमत आहे. हेर्झोग आणि द म्यूरॉन यांनी स्वित्झर्लंडमध्ये केझररुग शिखरावर, २,२६२ मीटरवर, २०१५ साली रेस्टॉरंट बांधलं. लाकडी, वर एकच मोठं उतरतं छप्पर, आणि ते आजचंच वाटतं. तुमच्याकडे पत्रा चालेल, गडद राखाडी, खाली रॉकवूलचा थर. नाहीतर जोराच्या सरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि पत्र्याची बांधणी वाऱ्याच्या हिशेबाने करून घ्या. घाटात छप्पर दाबलं जात नाही, उचललं जातं.

चुलीपाशी | ९ जुलै, रात्री १०:३०

मंडळी, जाऊन आले. आई, बाबा, आतेभाऊ आणि मी. डोंगरभुंगा म्हणाले म्हणून मुद्दाम भर पावसात गेलो.

सज्जा जिथं काढला होता त्या कातळावर आम्हाला उभंच राहता येईना. छत्री पहिल्या मिनिटाला उलटी झाली. पाऊस खालून वर तोंडावर येत होता, अगदी तुम्ही लिहिलंत तसा. दरी दिसत नव्हती, धार दिसत नव्हती, धरण तर नाहीच. आतेभाऊ दहा मिनिटं तिथं गप्प उभा होता, मग म्हणाला, ‘ताई, इथं काही बांधायचं नाही.’ मला त्याचा फार अभिमान वाटला.

मग आम्ही वरच्या खाचरात परत आलो. खाचराच्या मागे, रस्त्याच्या भरावाखाली, पुरुषभर उंचीचा कातळ आहे. उन्हाळ्यात तिकडे कधी बघितलंही नव्हतं. आता त्याच्यावरून पाण्याचा पातळ पडदा उतरत होता आणि पायथ्याशी उपळ फुटली होती. तिथं वारा जवळजवळ नव्हता. आई म्हणाली, ‘आमची न्याहारी इथंच असायची, लावणीच्या वेळी. वाऱ्याच्या आड.’ इतकी वर्षं हे तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

आतेभावाने तिथंच गाडीच्या बॉनेटवर नवीन चित्र काढलं. किचन आणि स्वच्छतागृहं रस्त्याच्या पातळीला, पूर्वेकडे. तिथून रॅम्पने खाली. दालन दोन खाचरांवर, अर्धा मजला वर-खाली, म्हणजे जमीन कापायची नाही, खाचराचे बांध तसेच. एक लांब छप्पर, डोंगराच्याच उताराने दरीकडे झुकलेलं, पश्चिमेला खाली ओढलेलं. उभं राहून दरी दिसणार नाही, जमिनीलगत बैठकीवर बसलं की छपराच्या कडेखालून दिसेल. मागची बाजू कातळाकडे पूर्ण उघडी. भिंती काळ्या दगडाच्या. पुढचा कातळ मोकळा ठेवायचा. तिथं काहीच बांधायचं नाही, हिवाळ्यात माणसांनी जाऊन नुसतं बसावं.

बाबांनी चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘समई कुठे?’ कातळाच्या पायथ्याशी उपळीजवळ एक कोनाडा ठरलाय.

जोत्याचा_दगड | ९ जुलै, रात्री ११:००

उपळ फुटते त्या जागी पाया घ्यायचा नाही. तिला चर देऊन वाट करून द्या, आणि ती इमारतीच्या बाजूने जाऊ द्या. शिवाय कातळावर रस्त्याचा भराव आहे असं म्हणताय, तो किती जुना, पाऊस पडला की हलतो का, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा मला कळवा, मी स्वखर्चाने येतो.

कारवी | १० जुलै, सकाळी ६:४०

कातळाचं शेवाळ खरवडू नका हं, कामगारांना आधीच सांगून ठेवा. मीही येते.

गट_नंबर | १० जुलै, सकाळी १०:१५

दोन्ही खाचरांचा उतार मोजणीच्या वेळीच मोजून घ्या, आराखड्याला लागेल. मोजणीची तारीख मिळाली का?

चुलीपाशी | १० जुलै, दुपारी १:२०

मिळाली, २० तारीख. सकाळी सातला चांदणी चौकातून निघू. दगडकाका, कारवीताई, गट नंबर, सगळे या. छत्र्या आणू नका, रेनकोट आणा. डबा माझ्याकडे.